टेर्सखेलिंगच्या वाळूवर आईची ड्यूटी

त्या उन्हाळ्यात इराला स्कॉटलंडला जायचं होतं आणि आईला कुडाळला. दोन्हीकडच्या वाटा बंद होत्या, म्हणून आम्ही टेर्सखेलिंगला गेलो.

आधी ही मंडळी कोण ते सांगते. इरा माझी मुलगी, तेव्हा आठ वर्षांची. जन्म इथलाच, नेदरलँड्समधल्या हूफडॉर्पचा. मराठी सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीत नाहीतर डचमध्ये येतं. आणि आई म्हणजे माझी आई. चौतीस वर्षं सिंधुदुर्गातल्या निरनिराळ्या आरोग्य केंद्रांत ती नर्स होती. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी तिला गावात नावाने कुणी हाक मारत नाही. लहानथोर सगळे ‘सिस्टर’च म्हणतात. मी नवी नोकरी धरली तेव्हा इराला सांभाळायला म्हणून ती फेब्रुवारीत आली, तीन महिन्यांसाठी. मार्चमध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाली, ऑफिस बंद झालं, विमानं बंद झाली. तिकडे कुडाळला बाबा एकटे होते आणि रोज फोनवर ‘आज पिठलं केलं’ असं विजयाने सांगत होते. तीन महिन्यांचे पाच झाले.

त्या दिवसांत आमच्या घरात एक पुस्तक आलं. इथे बऱ्याच जणांच्या घरापुढे काचेचं दार असलेलं एक लहान कपाट खांबावर उभं केलेलं असतं. हवं ते पुस्तक न्यायचं, नको ते ठेवायचं, कुणाला विचारायची गरज नाही. वाचनालयं बंद झाल्यावर आमच्या गल्लीतल्या अशा कपाटात इराला एक जुनं इंग्रजी पुस्तक सापडलं. स्कॉटलंडमधल्या मुलांच्या गोष्टींचं. शिवण सुटलेली, पहिली पानं गायब, त्यामुळे ते कुणी लिहिलंय हे आम्हाला कळलं नाही ते नाहीच. पण गोष्टी शाबूत होत्या. वादळात सापडलेल्या होड्या, भरतीत खडकावर अडकलेल्या मुली आणि पानोपानी सील. साधेसुधे नव्हेत, पाण्यात सील आणि किनाऱ्यावर आल्यावर कातडं काढून ठेवून माणूस होणारे.

रोज दुपारी चार वाजता वाचन चाले. मी शेजारच्या खोलीत मीटिंगमध्ये असायची आणि भिंतीपलीकडून सगळं ऐकू यायचं. इरा इंग्रजीत वाचायची, आईला निम्मं कळायचं, आणि उरलेलं निम्मं इराला मराठीत सांगावं लागायचं. अडखळत, लिंगं-वचनं उलटीपालटी करत, पण मराठीत. आठ वर्षांत मला जे साधलं नव्हतं ते त्या फाटक्या पुस्तकाने चार आठवड्यांत केलं.

एक गोष्ट दोघींनी तीन-चारदा वाचली. एका कोळ्याला खडकावर सीलचं कातडं सापडतं. ते ज्या बाईचं असतं तिला तो घरी नेतो, लग्न करतो, कातडं लपवून ठेवतो. तिला मुलं होतात. ती चांगला संसार करते, पण रोज समुद्राकडे बघते. मग एके दिवशी तिच्या मुलीला ते कातडं माळ्यावर सापडतं. आई ते घेते, मुलांचे मुके घेते आणि पाण्यात जाते, ती जातेच.

“पण आजी, तिने नवऱ्याला विचारलं का नाही? जस्ट आस्क!” इरा म्हणाली.

“मागून देणारा असता तर लपवलं कशाला असतं?” आई म्हणाली.

“मुलांना सोडून गेली. दॅट्स मीन.”

“पुढे वाच. रोज सकाळी खडकावर मुलांसाठी मासे ठेवून जायची ना? म्हणजे डबा देत होती. सोडलं नव्हतं तिने.”

मी मीटिंगमध्ये स्वतःचा आवाज बंद करून हसले होते, ते आठवतं.

जूनमध्ये नलूमावशी गेली. आईची धाकटी बहीण, तिच्याहून अकरा वर्षांनी लहान. माझी आजी लवकर गेल्यामुळे नलूमावशीला आईनेच न्हाऊमाखू घालून वाढवलं होतं. मुंबईत होती ती. ताप आला, दवाखान्यात नेलं, सहाव्या दिवशी गेली. घरच्यांपैकी कुणाला आत सोडलं नाही आणि नंतर तिचा देहही हाती दिला नाही. तिची मुलगी तन्वी हिचा फोन आला तेव्हा आई स्वयंपाकघरात मटार सोलत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि उरलेले मटार सोलले. मग ओटा पुसला. दुसऱ्या दिवशी पडदे धुतले. पुढचे दोन आठवडे आमच्या घरात धुण्यासारखं काही उरलं नाही. ती रडली नाही, आणि मावशीचं नाव निघालं की उठून जाई. दुपारचं वाचनही थांबलं. “डोळे दुखतात,” असं तिने इराला सांगितलं.

जुलैच्या सुरुवातीला एका विशेष विमानात आईला जागा मिळाली. निघायला आठ दिवस उरले होते. तेव्हा इराने जेवताना जाहीर केलं, “आजीला सील दाखवायचा.” इथली बेटं लोकांना नुकतीच खुली झाली होती. समीरला, माझ्या नवऱ्याला, त्या शनिवार-रविवारी कामावर हजर राहणं भाग होतं. म्हणून आम्ही तिघीच निघालो.

बोटीवर

टेर्सखेलिंग हे देशाच्या उत्तरेला, उथळ समुद्रात पसरलेलं लांबट बेट आहे. हूफडॉर्पहून गाडीने निघालं की वाटेत समुद्र अडवून बांधलेला बत्तीस किलोमीटरचा बांध लागतो. नाकासमोर सरळ रस्ता, एका अंगाला खारं पाणी, दुसऱ्या अंगाला गोडं.  बांधावर आईने पहिल्यांदा तोंड उघडलं.

“एवढा बांध घातला, आणि आमच्याकडे ओढ्यावरचा साकव दर पावसात वाहून जातो.”

हार्लिंगन नावाच्या बंदरावर गाडी ठेवून बोट धरली. दोन तासांचा प्रवास. सगळ्यांच्या तोंडाला मास्क, बाकांवर एकाआड एक फुल्या. आईने मास्क लावलेल्या गर्दीकडे एक नजर टाकली आणि मला हळूच म्हणाली, “निम्म्यांची नाकं बाहेर आहेत.” पुढचा अर्धा तास ती समोरच्या एका आजोबांना खुणेने नाक झाकायला सांगत होती. त्यांनी शेवटी झाकलं आणि तिला सलाम ठोकला.

बेटावर उतरल्यावर पहिली अडचण उभी राहिली. तिथे सगळे सायकलने फिरतात आणि आईला सायकल येत नाही. भाड्याने सायकली देणाऱ्या बाईने जराही विचार न करता एक अवजड गाडा पुढे ढकलला. समोर लाकडी खोकं असलेली तीनचाकी सायकल. इथले आईबाप यात पोरं, कुत्री, किराणा, सगळं घालून नेतात.

“यात मी बसू?” आई म्हणाली. “मला काय भाजी म्हणून बाजारात नेतेस?”

पण बसली. नऊवारी नव्हे, पाचवारीच, पण वर समीरचं रेनकोट-जॅकेट आणि पायात स्पोर्ट शूज. मांडीवर डब्याची पिशवी. मी पेडल मारतेय, इरा तिच्या छोट्या सायकलवर पुढे, आणि मध्ये माझी आई राणीसारखी ताठ. समोरून येणारे लोक हात हलवायचे. पहिल्या दहा मिनिटांत ती लाजली, पुढच्या दहा मिनिटांत तीही हात हलवू लागली. त्या बेटावरचा वारा मात्र विचित्र. जाताना तोंडावर आणि येतानाही तोंडावरच. एका चढावर गाडा मागे घसरू लागला तेव्हा आई खाली उतरली आणि मला न विचारता मागून ढकलायला लागली. सत्तरी ओलांडलेली बाई, पण आडगावांतल्या बाळंतपणांसाठी किती घाट्या तिने पायांनी चढल्या असतील!

आम्ही एका शेतकऱ्याच्या घरामागच्या खोलीत उतरलो होतो. तिथल्या बाईंनी दारात क्रॅनबेरीचा जॅम आणि पाव ठेवला होता आणि खिडकीतूनच ‘या, या’ केलं. हात मिळवायची सोय नव्हती. ही लाल आंबट फळं बेटावर रानोमाळ उगवतात. आईने बोटाने चाखून निदान केलं, “करवंदाची बहीण आहे. लांबची.” आणि पाव बाजूला ठेवून ती बाटली तांदळाच्या भाकरीबरोबर संपवत आणली.

दुसऱ्या दिवशी आम्ही सील दाखवायला नेणारी होडी शोधली. वाऱ्यामुळे ती निघणार नव्हती. इराचा चेहरा एवढासा झाला. दीपगृह पाहिलं, तळलेल्या माशाचे तुकडे खाल्ले, पाऊस लागला. एकूण तो दिवस फुकट गेला असंच मला वाटत होतं. तिसऱ्या दिवशी दुपारच्या बोटीने परतायचं होतं.

खांबाजवळ

तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र लख्ख ऊन पडलं. बोटीला वेळ होता म्हणून शेवटचा फेरफटका मारायला समुद्रावर गेलो. गाडा वाळूच्या टेकडीमागे लावला आणि चालत निघालो. ओहोटी लागली होती. एवढा रुंद किनारा मी कोकणात जन्मून पाहिला नव्हता. पाणी म्हणजे दूरवर एक पांढरी रेघ. किनाऱ्यावर ठरावीक अंतराने क्रमांक घातलेले लाकडी खांब रोवलेले आहेत. बाकी माणूस नाही.

आईच्या कानावर तो आवाज आधी पडला. ती थबकली.

“मूल रडतंय.”

“आई, वारा आहे.”

“चौतीस वर्षं मी काय वारा ऐकला? मूल रडतंय, भुकेलं मूल.”

आणि ती सरळ चालू लागली. मग मलाही ऐकू आलं. घशातून निघणारा, ओढलेला, चिरका आवाज. ‘माँ’ असाच म्हणा ना. शंभरेक पावलांवर ओल्या वाळूत एक करडा, ठिपकेदार गोळा पडला होता. मांजरापेक्षा मोठा, कुत्र्यापेक्षा लहान. त्याने डोकं उचललं. दोन काळेभोर डोळे आमच्याकडे बघू लागले.

“झेहोंड!” इरा किंचाळली. डचमध्ये सीलला समुद्रकुत्रा म्हणतात. पण लगेच तिने दोन्ही हात पसरून आजीची वाट अडवली. “आजी, नाही! हात नाही लावायचा! आमच्या शाळेत सांगितलं. तू गेली तर त्याची आई नाही येणार!”

इतकं लांब मराठी वाक्य ती त्याआधी कधी बोलली नव्हती.

आई थांबली, पण तिचे हात पुढेच होते. “अगो, गारठेल ते,” ती म्हणाली आणि मग स्वतःशीच, तिच्या माहेरच्या मालवणीत, “हेची आवस खंय गेली आसतली?” याची आई कुठे गेली असेल?

वाळूच्या टेकडीपाशी एक पाटी होती. असं पिल्लू दिसलं तर फोन करा, म्हणून. मी क्रमांक लावला आणि जवळच्या खांबाचा आकडा सांगितला. वीस मिनिटांत एक माणूस चालत आला. साठीचा, लाल दाढी पांढरी होत आलेली, नारिंगी जाकीट, खांद्यावर दोऱ्या आणि काठ्या, गळ्यात दुर्बीण. त्याने आधी आम्हाला तीस मीटर मागे जायला लावलं, मग पिल्लापासून बऱ्याच अंतरावर काठ्या रोवून दोरी बांधली आणि मग कुठे नमस्कार-चमत्कार झाले. नाव डंकन. बेटावरच्या सीलराख्यांपैकी एक, हे काम हौसेने करणारा. त्याचे उच्चार ऐकून इराने मला कोपराने ढोसलं.

“तुम्ही डच नाही?” तिने इंग्रजीत विचारलं.

“नाही. मी ऑर्कनीचा. स्कॉटलंडच्या वरच्या टोकाला बेटं आहेत ना, तिथला. बायको इथली. तीस वर्षांपूर्वी आठवड्यासाठी आलो होतो.”

 पुस्तकातला माणूस उठून पुढ्यात यावा तशी इरा त्याच्याकडे बघत राहिली.

डंकनने समजावलं ते मी आईला मराठीत सांगत गेले. असं एकटं रडणाऱ्या पिल्लाला इथे ‘हाउलर’ म्हणतात, म्हणजे रडवं. पूर्वी अशी पिल्लं दिसली की लोक लगेच उचलून उपचार केंद्रात न्यायचे. नंतर लक्षात आलं की कितीतरी पिल्लांच्या आया जवळच पाण्यात होत्या. पोट भरायला गेलेल्या, किंवा माणसं निघून जायची वाट बघत थांबलेल्या. म्हणून आता आधी राखण करायची. भरती येऊ द्यायची. एक दिवसभर आई आली नाही तरच पिल्लू उचलायचं.

“म्हणजे नुसतं बघत बसायचं?” आईने विचारलं.

“तेच सगळ्यात अवघड आहे, असं ते म्हणतात.”

आईने वाळूवर पिशवी ठेवली. “मी बसते.”

“आई, दोनला बोटीपाशी पोचायचंय.”

“मग तू जा.”

तिच्या आवाजात ड्यूटीवरच्या सिस्टरचा तो जुना स्वर होता. त्याच्यापुढे डॉक्टरांचंही काही चालत नसे. मी बोटीच्या कचेरीत फोन केला. संध्याकाळच्या बोटीत जागा होती.

असे आम्ही चौघं टेकडीच्या आडोशाला बसलो. तिघी एकीकडे, डंकन दीड मीटर पलीकडे, आणि समोर दोरीच्या आत ते पिल्लू. रडायचं, दमायचं, झोपायचं, पुन्हा रडायचं. दर वेळी आईचे खांदे ताठ व्हायचे.

इराने तासाभराने धीर केला. “तुम्हाला गोष्टी येतात? सीलच्या?”

“आजीने दुसरं काही शिकवलंच नाही मला,” डंकन म्हणाला.

वाऱ्यामुळे त्याला जवळजवळ ओरडूनच सांगावं लागत होतं. त्याने सांगितलेल्या गोष्टीत एक हट्टी मुलगी शिंपल्या गोळा करत खडकावर जाते, मागून भरती येते, आणि ती चारी बाजूंनी पाण्यात अडकते. थंडीने तिला झोप येऊ लागते. झोपली तर घसरून पडणार. मग एक म्हातारा सील खडकाशी येतो आणि भुंकायला लागतो. तिने डोळे मिटले की भुंकतो, नाहीतर तिच्यावर पाणी उडवतो. ती त्याला शिव्या देते, शिंपल्या मारते. तो हलत नाही. सकाळी बापाची होडी येते, तेव्हा सीलचा आवाज बसलेला असतो. “आणि म्हणून,” डंकन म्हणाला, “आमच्या बेटावरच्या सीलचा आवाज आजही घोगरा आहे.”

मी वाक्यामागून वाक्य मराठीत करत होते. आई लक्ष देऊन ऐकत होती. “बरोबर केलं त्याने,” ती म्हणाली. “विषारी साप चावलेल्याला आम्ही असंच जागं ठेवायचो. शिव्या खाव्या लागतात.” हे मी डंकनला सांगितलं, तेव्हा त्याला कळलं की ती नर्स आहे. त्यापुढे त्यानेही तिला ‘सिस्टर’च म्हटलं. आईने हसू लपवलं.

जेवायची वेळ झाली. डब्यात तांदळाच्या भाकऱ्या होत्या आणि आईने फेब्रुवारीत तीन पिशव्यांत बांधून आणलेल्या सुकटीची चटणी. डबा उघडला तसा वास सुटला आणि पिल्लानेही मान वर केली, अशी इराची खात्री आहे. डंकनला द्यायचं कसं? आईने कागदी बशीत भाकरी-चटणी वाढली, चार पावलं पुढे जाऊन वाळूवर ठेवली आणि मागे आली. मग तो पुढे आला, बशी उचलली आणि मागे गेला. दोन्ही बाजूंनी वाकून नमस्कार झाले. पहिल्या घासाला त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तिखटाने असेल. पण तो म्हणाला की त्याच्या घरीही छपराखाली मासे सुकत टांगलेले असायचे आणि हा वास त्याने किती वर्षांत घेतला नव्हता. बशी त्याने भाकरीने पुसून घेतली.

त्यानंतर तो थोडा गंभीर झाला. पाण्याकडे बघत म्हणाला, “आजीने आम्हाला सीलला दगड मारू दिला नाही कधी. म्हणायची, जी माणसं समुद्रावर गेली आणि परत आली नाहीत, ज्यांना घरच्यांनी शेवटचं बघितलं नाही, पुरलं नाही, ती सील होतात. म्हणून ते किनाऱ्याशी येऊन माणसांकडे टक लावून बघतात.”

मी थांबले. इराला ते कळलंच होतं. ती माझ्याकडे बघत होती. आईही बघत होती.

“काय म्हणाले ते?”

मला खोटं बोलता आलं असतं. पण इतका वेळ शब्दन् शब्द सांगत आले होते, आणि तिच्या नजरेपुढे मला कधी खोटं जमलेलं नाही. मी सांगितलं. जसंच्या तसं.

आई मूठभर वाळू घेऊन बोटांतून सोडत राहिली.

“आमची नलू समुद्रावर नव्हती गेली,” ती शेवटी म्हणाली. “वॉर्डात गेली.” मग तिने डंकनकडे बघितलं, आणि त्याला मराठी कळत असल्यासारखं थेट त्यालाच सांगू लागली. “मला वाटत होतं, ती एकटी गेली. मी इथे पडदे धूत होते आणि तिथे ती एकटी. माझ्या हातात वाढलेली पोर. पण मी किती जणांजवळ बसलेय! कुणाचा मुलगा मुंबईला, कुणाचं कोणीच नाही. शेवटच्या वेळी मीच हात धरलाय, मीच तोंडात पाणी घातलंय. त्यांच्या घरच्यांना वाटलं असेल, आपलं माणूस एकटं गेलं. एकटं नव्हतं गेलेलं. मी होते ना तिथे.”

तिने हातातली वाळू झटकली. “नलूजवळपण कोणीतरी असेल. ते पांढरं प्लास्टिक अंगभर घातलेली कुठलीतरी पोरगी असेल. घामाने निथळत असेल. मला तिचं नावसुद्धा माहीत नाही. मी एकदाही तिचे आभार मानले नाहीत. मनातसुद्धा नाही.”

आणि मग ती रडली. पदर तोंडात धरून नाही, आवाज दाबून नाही, मोकळी रडली. इरा तिच्या मांडीवर चढून बसली आणि तिच्या गळ्यात हात टाकून “आजी, आजी” एवढंच म्हणत राहिली. डंकनला एक शब्द समजला नव्हता. त्याने टोपी काढली, आमच्याकडे पाठ केली आणि दुर्बीण न उचलता समुद्राकडे बघत उभा राहिला. त्या उभं राहण्याबद्दल मी त्याची आजही ऋणी आहे.

चार वाजून गेले असतील. पाणी आत सरकत सरकत पिल्लापासून हाकेच्या अंतरावर आलं होतं. एकाएकी डंकनने हात वर केला. कुणी हलायचं नाही.

लाटेमागे एक काळं, गुळगुळीत डोकं. दिसलं, नाहीसं झालं. पुन्हा दिसलं, जरा जवळ. पिल्लाने हंबरडा फोडला. डोकं बुडालं आणि इतका वेळ वर आलंच नाही की मी आशा सोडली. मग उथळ पाण्यातून एक जाडजूड, चकाकणारी सीलबाई पोटावर हेलपाटत वर आली, मध्येच थांबून आमच्या दिशेने नाक केलं, आणि उरलेलं अंतर घाईघाईने ओलांडलं. दोघांनी नाकाला नाक लावलं. रडणं थांबलं.

डंकनने दुर्बीण गळ्यातून काढली. खिशातून जंतुनाशक काढून भिंगांभोवतीचं रबर दोनदा पुसलं, ती काठीवर टांगली आणि चार पावलं मागे सरला. “सिस्टर,” तो म्हणाला, “तुम्ही बघा आधी.”

आईने डोळे पुसले, दुर्बीण लावली. बराच वेळ निरखून बघितलं. 

“प्यायला लागलंय,” तिने तिच्या रोजच्या कामाच्या आवाजात सांगितलं. “पकड चांगली आहे. ओढतंय व्यवस्थित. आईलाही दूध भरपूर दिसतंय.” मग दुर्बीण न हलवता म्हणाली, “यांना सांग, काळजीचं कारण नाही.”

मी ते इंग्रजीत सांगितलं. डंकनने वहीत वेळ टिपली आणि खाली एक ओळ लिहिली. काय लिहिलं, असं इराने विचारलं तेव्हा त्याने वाचून दाखवलं: आई आली, दूध पाजलं, नर्सने खात्री केली.

परतल्यावर

संध्याकाळच्या बोटीवर आई वाऱ्यात उभी राहिली आणि तिने तन्वीला, माझ्या मावसबहिणीला, फोन लावला. मावशी गेल्यापासून तिने स्वतःहून केलेला हा पहिला फोन. “त्या वॉर्डात रात्रपाळीला कोण सिस्टर होत्या, नाव मिळेल का बघ. तक्रार नाही करायची बाय. मला बोलायचंय त्यांच्याशी.”

चार दिवसांनी आई गेली. विमानतळावर आत फक्त प्रवाशांना सोडत होते, त्यामुळे काचेबाहेरूनच निरोप. पुढे दिल्लीत सात दिवस हॉटेलच्या खोलीत, मग मजल दरमजल करत कुडाळ, तिथे पुन्हा मागच्या खोलीत वेगळं राहणं. बाबांनी दाराबाहेर ठेवलेलं पिठलं ती इतक्या कौतुकाने खात होती की ते आता नवनवे पदार्थ करून बघायला लागले होते.

तन्वीला नाव आणि नंबर मिळायला तीन आठवडे लागले. ती सिस्टर केरळची होती, मुंबईत दोनच वर्षं झालेली. मराठी मोडकंतोडकं. आईने मला आणि इरालाही फोनवर घेतलं. एकटीने बोलायचा धीर होत नसावा. तिने प्रश्न कागदावर लिहून ठेवले होते, मला वाचूनही दाखवले होते. नलू शुद्धीवर होती का, काही बोलली का, तहान लागली होती का, कुणाचं नाव घेतलं का.

फोन लागला. पलीकडे वॉर्डातला गलका. मग एक दमलेला, अगदी कोवळा आवाज. “हॅलो, कोन बोलते?”

 आईने प्रश्नांच्या कागदाची घडी घातली, ती मला ऐकू आली.

“मी पण सिस्टर आहे,” आई म्हणाली. “आज जेवलीस का गो बाय?”